मग तिला मारले कोणी?

वाचकांचे प्रश्न : कायदा आणि तपास

सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने २८ जानेवारी २०२५ रोजी मुंबईतील एका खून खटल्यातील आरोपीची फाशी रद्द करून त्याला निर्दोष सोडले. तेव्हापासून या सदराकडे त्या निकालाविषयी येणारी पत्रे थांबलेली नाहीत, म्हणून हा संपूर्ण अंक त्याच विषयाला दिला आहे. प्रकरण ज्यांच्या स्मरणात नसेल त्यांच्यासाठी हकिकत थोडक्यात देतो. मूळची आंध्र प्रदेशातील मछलीपट्टणमची, मुंबईत संगणक अभियंता म्हणून नोकरी करणारी २३ वर्षांची तरुणी नाताळची सुट्टी घरी घालवून ४ जानेवारी २०१४ रोजी विजयवाड्याला गाडीत बसली. ५ जानेवारीला, रविवारी पहाटे, ती कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसवर उतरली आणि अंधेरीच्या वसतिगृहात मात्र पोहोचली नाही. १६ जानेवारीला पूर्व द्रुतगती मार्गालगत, कांजूरमार्ग परिसरातील झुडपांत तिचा मृतदेह सापडला. मार्चमध्ये एकाला अटक झाली, ऑक्टोबर २०१५ मध्ये सत्र न्यायालयाने त्याला फाशी सुनावली, डिसेंबर २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि घटनेनंतर अकरा वर्षांनी तो सुटला.

बहुतेक पत्रलेखकांनी तिचे नाव लिहिले होते. ते आम्ही गाळले आहे. अत्याचाराचा आरोप असलेल्या प्रकरणात पीडितेची ओळख छापणे हा गुन्हा आहे. तो पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम २२८-अ खाली येत असे, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली येतो, आणि मृत्यूनंतरही ही बंदी उठत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये निपुण सक्सेना प्रकरणात स्पष्ट केले आहे. २०१४ साली बहुतेक वर्तमानपत्रांनी तिचे नाव छायाचित्रासह छापले होते, म्हणून आज आपणही ते छापावे असे होत नाही. ज्याची निर्दोष मुक्तता झाली त्याचेही नाव याच कारणाने दिलेले नाही. तो आज कायद्याच्या दृष्टीने तुमच्या-आमच्यासारखा नागरिक आहे.

प्रश्न : आम्ही विक्रोळीला राहतो आणि त्या रस्त्याने रोज ये-जा करतो. आरोपी सुटला म्हणजे खून झालाच नाही, असे तर नाही. मग तिला मारले कोणी, हे न्यायालयाने का सांगितले नाही? (एक वाचक, विक्रोळी)

उत्तर : कारण न्यायालयाला तो प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. फौजदारी न्यायालयापुढे येणारा प्रश्न फार अरुंद असतो : आरोपपत्रात ज्याचे नाव आहे त्या माणसाने हा गुन्हा केला, हे सरकार पक्षाने वाजवी संशयापलीकडे सिद्ध केले आहे काय? उत्तर ‘नाही’ असे आले की न्यायालयाचे काम संपते. खरा गुन्हेगार शोधणे हे पोलिसांचे काम आहे. पोलिसांचा तपास मात्र आरोपपत्र दाखल झाले त्या दिवशीच, व्यवहारात तरी, संपलेला असतो. त्यामुळे निर्दोष मुक्ततेनंतर अशी विचित्र पोकळी तयार होते की न्यायालयाच्या लेखी प्रकरण निकाली निघालेले असते, पोलिसांच्या लेखी ‘आरोपी निष्पन्न’ झालेला असतो, आणि आपला प्रश्न कोणाच्याच टेबलावर नसतो.

या खटल्यात प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार नव्हता. सगळा पुरावा परिस्थितिजन्य होता. अशा पुराव्याची कसोटी ठरवणारे दोन निकाल महाराष्ट्रातलेच आहेत. १९७३ च्या शिवाजी साहेबराव बोबडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘केला असेल’ आणि ‘केलाच असला पाहिजे’ या दोहोंमधले अंतर फार लांबचे आहे असे बजावले. पुढे १९८४ साली, पुण्यातील एका नवविवाहितेच्या मृत्यूच्या खटल्यात, परिस्थितिजन्य पुराव्याची पाच तत्त्वे घालून दिली आणि त्यांना ‘पंचशील’ असे नावही दिले. साखळीचा प्रत्येक दुवा स्वतंत्रपणे सिद्ध झाला पाहिजे आणि सगळे दुवे मिळून आरोपीच्या निरपराधित्वाची कोणतीही वाजवी शक्यता उरता कामा नये, असा त्यांचा मथितार्थ आहे. कुर्ल्याच्या प्रकरणात सरकार पक्षाचे दुवे होते ते असे : स्थानकावरचे सीसीटीव्ही चित्रण, आरोपीला तिच्यासोबत पाहिल्याचे सांगणारे साक्षीदार, त्याने एका ओळखीच्या माणसाजवळ दिल्याचे सांगितलेली कबुली, आणि जप्त केलेल्या वस्तू. सर्वोच्च न्यायालयाला यांतला एकही दुवा भार सोसेल असा वाटला नाही. सरकार पक्षाच्या कथेत मोठी भगदाडे आहेत आणि वरवर दिसते त्यापेक्षा अधिक काही या प्रकरणात असावे, अशा आशयाचे निरीक्षणही निकालपत्रात आहे. हे ‘अधिक काही’ म्हणजे काय, हे तपासण्याची जबाबदारी मात्र निकालाने कोणावर टाकलेली नाही. तुमच्या प्रश्नाचे आजचे प्रामाणिक उत्तर एवढेच की हा खून अनुत्तरित आहे आणि तसेच म्हटले पाहिजे.

प्रश्न : एवढी शिकलेली मुलगी पहाटेच्या वेळी अनोळखी माणसाच्या मोटारसायकलवर बसलीच कशी? पालक म्हणून हे कोडे सुटत नाही. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : ती बसली, हे आपल्याला कोणी सांगितले? तीनशे रुपयांत सोडतो असे म्हणून टॅक्सीच्या मिषाने तिला बाहेर नेले आणि तिथे मोटारसायकल निघाली, ही सरकार पक्षाची कथा होती. ज्या पुराव्यावर ती उभी होती तो पुरावाच न्यायालयाने नाकारला आहे. कथा कोसळली, पण तिच्यातला मुलीला दोष देण्याजोगा तेवढा तुकडा आपण अकरा वर्षे जपून ठेवला, ही गोष्ट मला मूळ कोड्याइतकीच अस्वस्थ करते. खात्रीने ठाऊक आहे ते फार थोडे आहे : ती गाडीने आली, वसतिगृहात पोहोचली नाही आणि अकराव्या दिवशी तिचा मृतदेह सापडला. मधल्या वेळात ती कोणाबरोबर, कशातून आणि कोणत्या समजुतीने गेली याबद्दल आज छातीठोकपणे बोलता येत नाही, तेव्हा तिच्या शहाणपणाची झडतीही घेता येत नाही.

प्रश्न : स्थानकावरचे ते चित्रण आम्ही सगळ्यांनी टीव्हीवर पाहिले होते. केवळ एक प्रमाणपत्र जोडले नाही म्हणून ते बाद झाले, असे वाचले. मी संगणकशास्त्राचा विद्यार्थी आहे. ही तांत्रिक सबब मला पटत नाही. (एक वाचक, सातारा)

उत्तर : तुम्ही संगणकशास्त्राचे विद्यार्थी आहात, म्हणूनच तुम्हाला ती पटायला हवी. ती कशी, ते एका जप्तीच्या उदाहरणाने सांगतो. उदाहरण या खटल्यातले नाही, अशा कित्येक पंचनाम्यांची नक्कल वाचून मनात साठलेले आहे.

दुकानाच्या काउंटरखाली, चपलांच्या खोक्याशेजारी, सीसीटीव्हीचे चित्रण साठवणारी, धूळ बसलेली डीव्हीआरची पेटी असते. हवालदार, दोन पंच आणि ती पेटी बसवून दिलेला तंत्रज्ञ मुलगा तिच्याभोवती उकिडवे बसतात. पडद्यावरचे घड्याळ प्रत्यक्ष वेळेच्या सात मिनिटे पुढे असते. मुलगा ते बोलून दाखवतो, पंचनाम्यात मात्र ते उतरत नाही. हवी ती वीस मिनिटे पेनड्राइव्हवर घेतली जातात. पेनड्राइव्ह कोणाचा, त्यात आधी काय होते, कॉपी करताना फाइलचा प्रकार बदलला का, याची नोंद नसते. पेनड्राइव्ह खाकी पाकिटात जातो, पाकिटावर लाखेचे सील बसते, पंचांच्या सह्यांची लेबले चिकटतात आणि मूळ पेटी जागेवरच राहते. काही आठवड्यांनी तिची हार्ड डिस्क भरते आणि जुने चित्रण नव्याखाली आपोआप पुसले जाते. आता खटला उभा राहतो तेव्हा न्यायालयापुढे असते ती एक नक्कल, जिची मूळ प्रत जगात कुठेच नाही.

तेव्हाच्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम ६५-ब चे प्रमाणपत्र म्हणजे या नकलेचा जन्मदाखला. कोणत्या यंत्रात हे चित्रण तयार झाले, ते यंत्र कोणाच्या ताब्यात होते, त्या काळात ते नीट चालत होते काय, नक्कल कशी काढली, एवढे सांगून यंत्राची जबाबदारी असलेल्या माणसाने केलेली सही. कागद एका पानाचा असतो. मात्र त्याच्या मागे एक माणूस उभा असतो, ज्याला आरोपीचा वकील पिंजऱ्यात बोलावून घड्याळाची सात मिनिटे विचारू शकतो. टीव्हीवर आपण पाहिले ते नकलेची नक्कल होते, वर लाल वर्तुळ काढलेले आणि निवेदकाच्या आवाजात बांधलेले. त्यावर आपले मत बनवायला हरकत नाही, पण त्यावर कोणाला फासावर चढवायचे नसते.

यात दैवाचा भाग कितपत होता, हे पाहण्यासारखे आहे. हे प्रमाणपत्र अनिवार्य आहे असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये, केरळमधील एका निवडणूक वादात, ठामपणे सांगितले होते. सत्र न्यायालयाचा निकाल त्यानंतर वर्षभराहून अधिक काळाने आला, म्हणजे कागद मिळवायला वेळ होता. २०१८ च्या जानेवारीत दोन न्यायमूर्तींच्या पीठाने हा नियम काहीसा सैल केला. उच्च न्यायालयाचा निकाल त्याच वर्षीच्या डिसेंबरचा, म्हणजे त्या सैल काळातला आहे. आणि जुलै २०२० मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो सैलपणा काढून टाकला.

हा २०२० चा निकाल ज्या प्रकरणात आला ते प्रकरण आपल्या जालन्याचे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर यांचे नामनिर्देशनपत्र दुपारी तीनच्या आत पोहोचले की नंतर, असा वाद होता, आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रणावर त्याचा निवाडा व्हायचा होता. विरोधी उमेदवार कैलास गोरंट्याल यांच्या बाजूने प्रमाणपत्रासाठी अर्जावर अर्ज केले गेले, अधिकाऱ्यांनी ते दिले नाही. न्यायालयाने सांगितले की कागद अनिवार्यच आहे, परंतु अधिकारी तो देत नसेल तर न्यायाधीशांकडून हुकूम मागा, आणि खटला चालू असेपर्यंत तो उशिरानेही दाखल करता येतो. एका उमेदवारी अर्जाच्या वेळेसाठी लोकांनी या कागदामागे एवढी धावाधाव केली, आणि फाशीच्या खटल्यात सरकार पक्षाने तो दाखल केला नाही. तुमचा राग न्यायालयावर असण्याचे कारण मला दिसत नाही. तो दुसरीकडे वळवावा असे मात्र जरूर वाटते.

एक खुलासा आवश्यक आहे. प्रमाणपत्र असते तर आरोपी दोषी ठरलाच असता, असे म्हणता येणार नाही, कारण साक्षीदारांनी पटवलेली ओळख, कथित कबुली आणि जप्तीचा मुद्देमाल हे दुवेही न्यायालयाने स्वतंत्रपणे तपासून नाकारले आहेत. जुन्या पुरावा अधिनियमाच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ६३ साठीच्या अनुसूचीत या प्रमाणपत्राचा छापील नमुनाच दिला आहे. त्याचे दोन भाग आहेत, दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा आहे, आणि फाइलचे हॅश मूल्य त्यात लिहावे लागते. हॅश, म्हणजे फाइल जराशी बदलली तरी बदलणारा तिचा डिजिटल ठसा, हे तुम्हाला मी सांगायला नको. तुमच्यासारख्यांनी शिक्षण संपल्यावर न्यायवैद्यक क्षेत्राकडे वळण्याचा विचार करावा. तिथे माणसांची चणचण आहे.

प्रश्न : माझी मुलगी नोकरीसाठी बंगळुरूला असते. कोणी हरवले तर पोलीस चोवीस तास थांबायला सांगतात, असे ऐकते. त्या मुलीच्या वडिलांनी लगेच तक्रार केली होती का? (एक आई, लातूर)

उत्तर : केली होती. ती विजयवाड्याच्या रेल्वे पोलिसांकडे नोंदली गेली आणि मग मुंबईकडे वर्ग झाली. ‘वर्ग झाली’ या दोन शब्दांत काय दडलेले असते ते नीट पाहिले पाहिजे. आपल्याकडे फलाटावर लोहमार्ग पोलिसांची हद्द असते, स्थानकाबाहेरच्या रस्त्यावर पाऊल टाकले की शहर पोलिसांची सुरू होते, आणि रेल्वे सुरक्षा दल हे तिसरेच खाते. या प्रकरणात विजयवाडा, कुर्ला आणि कांजूरमार्ग अशी ठाणी एका मुलीच्या शोधात गुंतली, आणि महानगरातल्या एका मोठ्या रस्त्याच्या कडेला मृतदेह सापडायला अकरा दिवस लागले. उघड्यावर राहिलेल्या मृतदेहावरचा जैविक पुरावा दिवसागणिक नष्ट होत जातो. मृत्यूची वेळ सांगणे, झटापटीच्या खुणा ओळखणे, नखांखालचे नमुने घेणे, सगळेच अवघड होत जाते. माझे मत विचाराल तर खटल्याचे नशीब पुढे न्यायालयात ठरले त्यापेक्षा अधिक या अकरा दिवसांत ठरले.

आता तुमच्या शंकेविषयी. चोवीस तास थांबण्याचा कोणताही नियम नाही; ती पोलीस ठाण्यांतली एक वाईट सवय आहे. मात्र दुसरा एक फरक लोकांना ठाऊक नसतो. प्रौढ व्यक्ती हरवली की तिची ‘मिसिंग’ नोंद होते, गुन्हा दाखल होत नाही. अल्पवयीन मुलांच्या बाबतीत मे २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे अपहरण गृहीत धरून गुन्हा नोंदवावा लागतो, प्रौढांना ते लागू नाही. मिसिंग म्हणजे एका वहीतला क्रमांक, गुन्हा म्हणजे तपास अधिकारी, जप्तीचे अधिकार आणि न्यायालयाला उत्तर देण्याची बांधिलकी. म्हणून तोंडी काळजी सांगत न बसता, घातपाताची शंका ज्या कारणांनी येते ती कारणे लेखी द्यावीत : ठरलेल्या वेळी फोन येणार होता तो आला नाही, फोन अचानक बंद झाला, सामानही पोहोचले नाही. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर तो नोंदवणे पोलिसांना बंधनकारक आहे, हे नोव्हेंबर २०१३ च्या ललिता कुमारी निकालाने ठरले आहे. हद्द कोणतीही असो, ‘झिरो एफआयआर’ नोंदवण्याची तरतूद आता फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येच आहे. त्याच अर्जात अमुक स्थानकाचे, अमुक वेळेचे सीसीटीव्ही चित्रण राखून ठेवावे अशी मागणी लिहावी आणि एक प्रत स्थानकप्रमुखांना द्यावी, कारण ती हार्ड डिस्क कोणासाठी थांबत नाही. गुन्हा दाखल झाल्यावर नव्वद दिवसांच्या आत तपासाची प्रगती कळवणे, हेही आता पोलिसांचे कर्तव्य आहे.

प्रश्न : सुटलेल्या व्यक्तीवर पुन्हा खटला चालू शकतो का? नसेल तर दुसऱ्या कोणाचा शोध घेता येतो का? (विधी शाखेचा एक विद्यार्थी, पुणे)

उत्तर : पहिल्याचे उत्तर नाही. त्याच गुन्ह्यासाठी एकदा सुटलेल्या माणसावर पुन्हा खटला भरण्यास फौजदारी प्रक्रियेत मनाई आहे, पूर्वीच्या संहितेत कलम ३०० खाली आणि आता कलम ३३७ खाली. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालावर पुनर्विलोकन याचिका हा मार्ग असतो, पण त्याचे दार फार चिंचोळे आहे. दिल्लीतील छावला भागातून २०१२ साली पळवून नेऊन मारलेल्या १९ वर्षांच्या तरुणीच्या खटल्यात फाशी झालेले तिघे नोव्हेंबर २०२२ मध्ये सुटले, तेव्हा पुनर्विलोकनाच्या याचिका झाल्या आणि २०२३ च्या मार्चमध्ये त्या फेटाळल्या गेल्या.

दुसऱ्याचे उत्तर होय असे आहे, निदान पुस्तकात तरी. खुनाला मुदतीचे बंधन नाही. अन्य व्यक्तींविरुद्ध नव्याने पुरावा आला तर तपासाला कायद्याची आडकाठी नाही, आणि पोलीस हलत नसतील तर मृताच्या वारसांना घटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात जाऊन नव्या तपासाची मागणी करता येते. पण ज्या यंत्रणेने ‘आरोपी हाच’ असे शपथेवर सांगितले तिनेच ‘दुसरा कोणी असावा’ असे मानून कामाला लागावे, ही अपेक्षा माणसाच्या स्वभावाविरुद्ध आहे.

याच ठिकाणी तुम्हाला एक निकाल वाचायला सुचवतो. ती मुलगी बेपत्ता होऊन दोन दिवस झाले होते, ७ जानेवारी २०१४ ही तारीख होती, आणि त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने गुजरात राज्य विरुद्ध किशनभाई या प्रकरणात, अहमदाबादच्या एका चिमुकलीच्या खुनातला आरोपी सदोष तपासामुळे सोडावा लागल्यावर, सर्व राज्यांच्या गृहखात्यांना आदेश दिला. पोलीस आणि अभियोग विभागातील वरिष्ठांची समिती नेमा, प्रत्येक निर्दोष मुक्ततेची कारणे तपासा, चूक कोणाची हे ठरवा, तो निष्काळजीपणा की हेतू हे नोंदवा आणि खात्यांतर्गत कारवाई करा. मुदत सहा महिन्यांची होती. कुर्ल्याच्या निकालानंतर महाराष्ट्राच्या गृहविभागाला विचारण्याचा पहिला प्रश्न माझ्या मते हाच आहे की या समितीपुढे हा निकाल गेला काय आणि तिने काय लिहिले. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. विधी शाखेच्या एखाद्या वर्गाने तो करावा.

प्रश्न : आरोपी सुटला तर कुटुंबाला नुकसानभरपाई मिळते का? (एक वाचक, अकोला)

उत्तर : मिळू शकते. भरपाई शिक्षेवर अवलंबून नाही. नव्या संहितेच्या कलम ३९६ मध्ये (जुने ३५७-अ) खटला निर्दोष मुक्ततेत संपला तरी न्यायालय शिफारस करू शकते आणि गुन्हेगार सापडलाच नाही तरी वारस थेट जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करू शकतात. अर्ज प्राधिकरणाच्या कार्यालयात विनामूल्य भरून मिळतो.

प्रश्न : तुमच्या सदरात मोठ्या शहरातल्या गाजलेल्या प्रकरणाविषयी बरेच येईल, म्हणून हे पत्र लिहिताना संकोच वाटतो. १९९७ साली माझी मावसबहीण, वय बावीस, शेतातून परत आली नाही. तिसऱ्या दिवशी ओढ्याकाठी सापडली. गळा आवळला होता असे डॉक्टरांनी लिहिले. चार-पाच जणांना ठाण्यावर नेऊन सोडले आणि पुढे काहीच झाले नाही. पुष्कळ वर्षांनी कोणीतरी सांगितले की ‘ए समरी’ झाली आहे. याचा अर्थ काय? मावशी आता ऐंशीच्या घरात आहे आणि दर सणाला विचारते की कोर्टाचे काय झाले. काही करता येईल का? (एक वाचक, कोल्हापूर जिल्हा)

उत्तर : संकोच कशाला, ताई, या अंकातले सर्वांत निकडीचे पत्र तुमचे आहे. आपल्या राज्यात तपास बंद करताना पोलीस न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जो अहवाल पाठवतात त्याला समरी म्हणतात. ‘बी’ म्हणजे तक्रार जाणूनबुजून खोटी होती, ‘सी’ म्हणजे गैरसमजातून झालेली किंवा दिवाणी स्वरूपाची होती, आणि ‘ए’ म्हणजे गुन्हा खरा घडला आहे, पण करणारा सापडला नाही. तेव्हा मावशींना सांगायचे ते असे की कोर्टात प्रकरण उभेच राहिले नाही. पण तुमच्या मुलीचा खून झाला हे सरकारने लिहून मान्य केले आहे, आणि ते प्रकरण कायमचे मिटलेले नाही, कारण धागा मिळाल्यास ए समरी झालेला तपास पुन्हा उघडता येतो.

मावशी किंवा काका फिर्यादी असतील तर समरी मंजूर करण्यापूर्वी त्यांना नोटीस देऊन त्यांचे म्हणणे ऐकायला हवे होते. १९८५ च्या भगवंत सिंग निकालापासून हा नियम आहे. नोटीस आली होती काय, कोणाचा अंगठा किंवा सही घेतली होती काय, हे आधी घरात विचारा. मग तालुक्याच्या न्यायालयात नकलेचा अर्ज करून समरी अहवाल, मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल आणि फिर्याद यांच्या प्रती मागा. इतक्या जुन्या कागदांतले काही नष्ट झालेले असतील. तसे झाले असेल तर ‘नष्ट केले’ असे लेखी घ्या. पोलीस ठाण्याकडे माहिती अधिकारात गुन्हा नोंदवही आणि मुद्देमाल नोंदवही यांतील त्या प्रकरणाच्या नोंदी मागा. तपासाला बाधा येईल या सबबीवर माहिती नाकारली, तर वीस-पंचवीस वर्षे बंद असलेल्या तपासाला बाधा कशी येते, असे अपिलात विचारा.

मुद्देमालाची नोंद सर्वांत महत्त्वाची आहे. तिचे कपडे, गळ्याभोवतीची वस्तू, नखांची कात्रणे यांपैकी काय जप्त झाले होते, प्रयोगशाळेकडे काय गेले, परत काय आले आणि आज काय शिल्लक आहे, हे त्या वहीतून कळेल. १९९७ साली डीएनए तपासणी तालुक्याच्या ठाण्याच्या आवाक्याबाहेरची होती. आज कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत ती नित्याची आहे. कपडे कोरडे, कागदात बांधलेले राहिले असतील तर आशा आहे. ओले असताना प्लॅस्टिकमध्ये सील केले असतील तर फारशी नाही. बहुधा मुद्देमाल केव्हाच नष्ट केला गेला असेल, हेही तुम्हाला आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पत्र येईल तेव्हा धक्का बसणार नाही.

काही शिल्लक असेल, किंवा त्या वेळी भीतीने गप्प बसलेला एखादा माणूस आता बोलायला तयार असेल, तर तो नवा धागा धरून पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज करा आणि तपास स्थानिक गुन्हे शाखेकडे देण्याची मागणी करा. त्या माणसाशी तुम्ही स्वतः फार चर्चा करू नका, नाव तेवढे अर्जात द्या. आणि हे सगळे सुरू करण्याआधी मावशींजवळ एक दुपार बसा. ती त्या दिवशी किती वाजता निघाली, अंगावर काय होते, वाटेत कोणाचे शेत लागते, कोण सोबत जात असे, हे त्यांच्याच शब्दांत लिहून खाली तारीख घाला आणि त्यांची सही घ्या, कारण १९९७ च्या फिर्यादीत लेखनिकाने काय गाळले असेल ते आज फक्त त्यांनाच ठाऊक आहे. अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा, किंवा हाती दिलात तर आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. नकला हाती आल्या की त्यांच्या झेरॉक्स प्रती मासिकाच्या पत्त्यावर पाठवा; त्या वाचून पुढचे पत्र मी तुम्हाला स्वतंत्रपणे लिहीन.